फिओनाचं माहेर

काही नावं जन्मतःच म्हातारी असतात. कानावर पडल्याबरोबर वाटतं, ही ताम्रपटातून नाहीतर पुराणातूनच आली असणार. फिओना हे त्यातलंच एक. नाव घेतलं की स्कॉटलंडचा तो डोंगराळ वायव्य मुलूख डोळ्यांपुढे उभा राहतो. धुक्यात अर्धा बुडालेला कडा, खाली शिसाच्या रंगाचं सरोवर, आणि काठावर लोकरीची शाल पांघरून उभी असलेली एक मुलगी. हजार वर्षांपूर्वीही तिचं नाव फिओनाच असलं पाहिजे, अशी आपली खात्री होऊन जाते. नावांच्या पुस्तकांतही तिच्यासमोर 'गेलिक, अर्थ गोरी, शुभ्र' असं छापलेलं असतं आणि आईबाप समाधानानं पान मिटतात. पण त्या जुन्या गेलिक मुलखात वंशावळी चाळत गेलं, तर फिओना नावाची कुणी आजी, पणजी, खापरपणजी भेटत नाही. मुलगी आहे, नाव आहे, नावाला अर्थही आहे. माहेर तेवढं सापडत नाही.

अर्थ खरा आहे, त्यात काही खोट नाही. 'फिऑन' म्हणजे गेलिकमध्ये पांढरा, गोरा, उजळ. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या कथांमधला सर्वांत मोठा वीर याच नावाचा, फिऑन मॅक कूल. त्याचं मूळ नाव डेम्ना. केस पांढरट सोनेरी म्हणून लोक त्याला फिऑन म्हणू लागले आणि पाळण्यातलं नाव मागे पडलं, जसं आपल्याकडे 'बंड्या'पुढे 'प्रभाकर' मागे पडतो. या वीराला सगळं ज्ञान मिळालं ते मासा भाजताना. ज्ञानाचा रावस होता तो. गुरूनं सात वर्षं गळ टाकून धरलेला. शिष्याला फक्त भाजायला सांगितला होता, चाखायचा नाही अशी ताकीद होती. भाजताना कातडीवर फोड आला, तो पोरानं अंगठ्यानं दाबला, अंगठा पोळला म्हणून तोंडात घातला, आणि गुरूचं सात वर्षांचं तप शिष्याच्या तोंडात विरघळलं. पुढे आयुष्यभर, काही कळेनासं झालं की हा महावीर अंगठा चोखत बसे. शत्रू समोर उभा आहे आणि सेनापती अंगठा चोखतो आहे, हे दृश्य मला कुठल्याही रणवर्णनापेक्षा जवळचं वाटतं.

हा शब्द भाऊबंदांत मोठा. वेल्श भाषेत गेल्यावर फिऑनचा 'ग्विन' होतो, स्त्रीलिंगी 'ग्वेन'. राजा आर्थरच्या ग्विनिव्हिअर राणीच्या नावात हीच ग्वेन बसली आहे आणि त्या राणीच्या नावाचं कॉर्निश रूप म्हणजे आपल्या वांद्र्या-वसईला ठाऊक असलेली जेनिफर. म्हणजे एकाच बाकावर बसून डबा खाणाऱ्या फिओना आणि जेनिफर नात्यानं दूरच्या बहिणी निघतात आणि दोघींनाही त्याचा पत्ता नसतो.

गेलिक बायकांमध्ये या शब्दाचं खरंखुरं जुनं नाव होतं ते निराळंच, लांबलचक. आयर्लंडमध्ये ती फिनूला, म्हणजे गोऱ्या खांद्यांची. लिर राजाच्या मुलांच्या कथेत सावत्र आईनं तिला आणि तिच्या तीन भावांना हंस करून टाकलं आणि नऊशे वर्षं पाण्यावर धाडलं. तीनशे एका सरोवरात, तीनशे उत्तरेच्या गोठवणाऱ्या समुद्रात, तीनशे पश्चिमेच्या बेटाजवळ. गोऱ्या खांद्यांचे तिचे पांढरे पंख झाले आणि त्या पंखांखाली तिनं थंडीत भावांना धरून ठेवलं. स्कॉटलंडमध्ये हेच नाव फिओनाघल झालं. पण इंग्रज कारकुनाच्या जिभेला ते पेलेना. तो दप्तरात सरळ 'फ्लोरा' लिहून मोकळा झाला. शुभ्र खांद्यांचा रोमन फुलदेवीशी काय संबंध, हे त्याला कुणी विचारलं नसावं. दप्तरात एकदा चढलेलं नाव उतरवायला ब्रह्मदेवही धजत नाही, हे तिकडेही खरंच असणार.

या फ्लोरांतली सगळ्यांत प्रसिद्ध फ्लोरा मॅक्डोनाल्ड. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हरलेला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड बेटाबेटांतून लपत फिरत होता, त्याच्या डोक्यावर तीस हजार पौंडांचं बक्षीस होतं, आणि चोवीस वर्षांच्या या मुलीनं त्याला होडीतून स्काय बेटावर नेऊन सोडलं. नेलं ते बाईच्या वेषात. बेटी बर्क नावाची आयरिश दासी, सूत कातायला सोबत घेतलेली, असं परवान्यावर लिहिलं होतं. दासी अंगानं भलतीच उंच निघाली. चालताना ढांगा टाकी आणि ओढा ओलांडताना घागरा इतका वर उचले की वाटेवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावावा. कुणीतरी हळूच सूचना केली, तर पुढच्या ओढ्याला बेटीबाईंनी घागरा पाण्यात तसाच सोडून दिला. राजपुत्राला सिंहासन परत मिळवता आलं नाही याचं इतिहासकारांना काय वाटायचं ते वाटो. ज्याला घागऱ्याची मधली उंची साधत नाही, त्याला राज्य साधणं कठीणच होतं. ही कथा इथं आणली ती एवढ्यासाठी की या नावाच्या आसपास पुरुष बाईच्या वेषात फिरण्याचा योग पुन्हा एकदा यायचा आहे.

आता खुद्द फिओनाकडे येऊ. नावांचे कोशकार तिचा पहिला धनी म्हणून बोट दाखवतात ते जेम्स मॅक्फर्सनकडे. हा बेडनॉकच्या डोंगरातला शिक्षक. त्यानं १७६० साली काही गेलिक काव्यांची भाषांतरं छापली आणि पाठोपाठ 'फिंगल' आणि 'टेमोरा' अशी दोन महाकाव्यंच बाहेर काढली. तिसऱ्या शतकातल्या ऑसियन नावाच्या आंधळ्या चारणाची ही रचना, आपण फक्त भाषांतर केलं, असं त्याचं म्हणणं. युरोप वेडा झाला. ग्योटेच्या वेर्थरनं प्रेयसीला हीच काव्यं वाचून दाखवली. नेपोलियन मोहिमेवर ऑसियन बरोबर बाळगी. आपल्या सरदाराच्या पोराचं नाव त्यानं त्यातूनच ऑस्कर ठेवलं आणि ते पोरगं पुढे स्वीडनचा राजा झालं. मॅक्फर्सनकडे जुनी गाणी, तोंडी चालत आलेल्या कथा होत्या, हे खरं. पण त्यांत स्वतःचा मालमसाला त्यानं एवढा घातला की मूळ तांदूळ शोधावे लागावेत. डॉक्टर जॉन्सन तर साफ म्हणे की हा सगळा बनाव आहे. १७७३ साली साठी ओलांडलेला हा गृहस्थ बॉस्वेलला घेऊन हेब्रिडीज बेटांवर गेला, जाईल तिथं ऑसियनच्या हस्तलिखितांची चौकशी करत राहिला, आणि त्याच प्रवासात फ्लोरा मॅक्डोनाल्डच्या घरी राजपुत्र ज्या पलंगावर झोपला होता त्यावरच झोपला. परत येऊन त्यानं पुस्तकात ऑसियनविषयीचं मत छापलं. मॅक्फर्सननं धमकीचं पत्र पाठवलं. जॉन्सननं उत्तर पाठवलं आणि उशाशी एक जाडजूड सोटा आणून ठेवला. वाङ्मयीन वादाची हीही एक पद्धत आहे. आपल्याकडे ती फार अपरिचित आहे असं म्हणवत नाही.

मॅक्फर्सनला हस्तलिखितं अखेरपर्यंत दाखवता आली नाहीत, पण त्याचं काही अडलंही नाही. तो पार्लमेंटात गेला, अर्काटच्या नवाबाचा लंडनमधला वकील झाला आणि त्या पैशांतून त्यानं आपल्या डोंगरात टोलेजंग घर बांधलं. त्याच्या भाऊबंदांतला जॉन मॅक्फर्सन तर १७८५ साली कलकत्त्याला हंगामी गव्हर्नर जनरल होऊन बसला. महादजी शिंद्यांच्या छावणीतून बादशहाच्या नावानं बंगालच्या खंडणीची मागणी गेली ती याच्याच कारकिर्दीत. पाटीलबावांना एका मॅक्फर्सनचं कूळ ठाऊक असेल. त्याच कुळातल्या दुसऱ्यानं युरोपभर खपवलेल्या आंधळ्या चारणाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचली असण्याचं कारण नाही. १७९६ साली जेम्स मॅक्फर्सन वारला आणि त्याच्याच इच्छेनं, त्याच्याच खर्चानं वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला. डॉक्टर जॉन्सनही तिथंच आहेत. सोटा बरोबर नेला नव्हता, एवढं बरं.

मला फिओना पहिल्यांदा भेटली ती या सगळ्याचा गंध नसताना, वेंगुर्ल्याच्या शाळेत. दोन घट्ट वेण्या, गळ्यात क्रूसाची बारीक साखळी, आणि डब्यात कधीकधी बाकीच्यांनी हावरेपणानं बघावं असं काहीतरी नारळाचं. तळकोकणात पोरं कुठल्या नावाचं काय करतील याला शास्त्र नाही. त्यांनी तिची 'फेणी' केली. आता काजूच्या मोसमात त्या भागात फेणी हा शब्द नुसता उच्चारला तरी अर्ध्या वर्गाला घरचा कुणीतरी काका आठवतो. ती चिडायची नाही. मान किंचित तिरकी करून, ही पोरं कधी मोठी होणार, अशा नजरेनं बघायची. एकदा मराठीच्या सरांनी हजेरी घेता घेता चष्मा वर करून विचारलं, "गो फिओना, ह्यां नाव खंयचां गो तुझां?" ती उभी राहून म्हणाली, "आत्येन ठेवल्यान, सर." सरांनी "बरां" म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला. आतेनं ठेवलं म्हटल्यावर पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही, हे सरांनाही मान्य होतं. फार वर्षांनी मला कळलं की आयर्लंडमध्ये या नावातला पहिला स्वर लांबवून म्हटला तर त्याचा अर्थ 'द्राक्षमद्याचा' असा होतो. वेंगुर्ल्याची पोरं गेलिक व्याकरणाच्या किती जवळ जाऊन आली होती!

पण मॅक्फर्सनकडून ते नाव थेट आतेपर्यंत आलं नाही. मध्ये सव्वाशे वर्षं ते ग्रंथांत पडून होतं. ते उचलून, त्याला आडनाव, पत्ता आणि स्वभाव देऊन जगात हिंडवलं ते विल्यम शार्प नावाच्या माणसानं. जन्म १८५५, पेझली गावचा. उंच, भरदार, दाढीवाला, बोलका, दहा मैफिलींत उठबस असलेला लंडनमधला समीक्षक. रोझेटी, शेली, हाइना, ब्राउनिंग यांची चरित्रं लिहून, नियतकालिकांना मजकूर पुरवून पोट भरणारा. १८९४ साली 'फॅरिस' नावाची एक गूढरम्य कादंबरी निघाली, लेखिका फिओना मॅक्लाउड. पाठोपाठ दुसरी, तिसरी. डोंगर, समुद्र, शाप, पऱ्या, जुनी दुःखं. लोक म्हणाले, अस्सल डोंगरी बाईचा आवाज तो हाच. कवी येट्स तिला पत्रं लिहू लागला. संपादक भेटीची वेळ मागू लागले. पण फिओनाबाई कधी आजारी, कधी बेटांवर गेलेल्या, कधी कुणाच्या जहाजातून प्रवासात. शार्प सांगे, माझी चुलत बहीण आहे ती, माणसांना बुजते. त्याची बायको एलिझाबेथ हीही मुळात त्याची चुलत बहीणच, त्यामुळे नातं सांगताना जीभ अडखळण्याचा प्रश्न नव्हता.

खरी फिओना अर्थातच शार्पच्या दाढीमागे बसली होती. बालगंधर्वांच्या शालूपुढे रात्र रात्र जागलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. फरक इतकाच की तिथं पडदा पडला की नारायणराव हे नारायणराव होते, आणि इथं पडदा बारा वर्षं पडलाच नाही. फिओनाची पत्रं शार्प आधी स्वतः लिही, मग एडिंबरोला राहणाऱ्या बहिणीकडे, मेरीकडे, धाडी. मेरी ती आपल्या वळणदार बायकी अक्षरात उतरून पोस्टात टाकी. हा एवढा द्राविडी प्राणायाम एका पत्राला. मला नेहमी त्या मेरीचं कौतुक वाटतं. भावाच्या प्रतिभेला हस्ताक्षर पुरवायचं, शाई आपली, अक्षर आपलं, प्रेमळ पत्रांची उत्तरंही आपल्याच पत्त्यावर येणार, आणि नाव एका अशा बाईचं जी जगातच नाही. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर एखाद्या पत्रात चुकून स्वतःची एखादी ओळ घुसडली असती. कदाचित मेरीनंही घुसडली असेल. आपण वाचताना ती कुठली, हे ओळखायला साधन नाही.

वार्षिक परिचयकोशाला या नसलेल्या बाईचा छंद हवा होता, तर उत्तर गेलं की नावेतून फिरणं, डोंगर चढणं आणि ऐकत बसणं. ऐकत बसणं हा छंद म्हणून छापून आणलेलं हे एकमेव मनुष्य मला ठाऊक आहे, आणि तेही अस्तित्वात नव्हतं. एकदा तर शार्पनं एडिथ रिंडर या आपल्या जिवलग मैत्रिणीला वयोवृद्ध कादंबरीकार मेरेडिथच्या घरी फिओना म्हणून नेलं. म्हाताऱ्याला ती फार आवडली. एडिथमुळेच आपल्या आतली फिओना जागी झाली असं शार्प म्हणे, त्यामुळे ती थाप म्हणावी की अर्धं सत्य, हे मेरेडिथलाही ठरवता आलं नसतं. आणि एलिझाबेथ? तिला सगळं ठाऊक होतं. एडिथही, फिओनाही. कुणाच्या संसारात किती खोल्या असतात हे दारावरच्या पाटीवरून कळत नाही, आणि त्या बाईनं पाटी शेवटपर्यंत पुसून स्वच्छ ठेवली. या कथेत मला सर्वांत मोठं माणूस तीच वाटते.

फिओनाची पुस्तकं छापणाऱ्यांत एडिंबरोचा पॅट्रिक गेडिस होता, आणि त्याच्या प्रकाशनसंस्थेत साहित्याचं खातं सांभाळायला होता विल्यम शार्प. म्हणजे फिओनाचं बाड फिओनाच स्वीकारणार. एवढा सुखी लेखक मराठीत तरी झालेला नाही. हाच गेडिस पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक होऊन आला आणि मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाला त्यानं पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला निवडलं. घुर्यांनी जात, साधू, दैवतं यांवर उदंड लिहिलं. गेडिसनं त्यांना कधी चहा पिता पिता फिओनाची गंमत सांगितली असेल का, असा एक निरुद्योगी प्रश्न माझ्या मनात अधूनमधून येतो. वेंगुर्ल्याहून मालवण काही फार लांब नाही.

गुपित फुटलं तर ती मरेल, मग मला तिच्या आवाजात एक ओळ लिहिता येणार नाही, असं शार्प म्हणे. १९०५ च्या डिसेंबरात, सिसिलीत एटनाच्या पायथ्याशी एका मित्राच्या इस्टेटीवर, पन्नासाव्या वर्षी तो वारला आणि मित्रांना त्यानं आधीच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या मिळाल्या: तुम्हाला फसवलं असं वाटेल, पण फिओना मीच. काही रागावले, काही गप्प बसले. थडग्यावर मग दोघांचीही वचनं कोरली गेली, खाली त्याची आणि तिची आद्याक्षरं वेगवेगळी. १९२२ साली तिच्या नाटकावरून केलेल्या संगीतिकेचे लंडनमध्ये सलग २१६ प्रयोग झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून स्कॉटलंडमध्ये घरोघरी मुलींचं नाव फिओना ठेवू लागले, तिथून ते जहाजांनी, नर्सांनी, मावश्या-आत्यांनी जगभर नेलं, आणि २००१ साली 'श्रेक' नावाच्या चित्रपटात ते एका राजकन्येला मिळालं, जी दिवसा देखणी असे आणि रात्री हिरवी राक्षसीण होई. दिवसा एक, रात्री एक. त्या चित्रपटवाल्यांनी शार्पचं नाव ऐकलं होतं की नाही कोण जाणे.

फिओना मॅक्लाउडची पुस्तकं आता सहसा कुणी वाचत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांत धुकं फार आणि गोष्ट कमी. ती वाचली नाहीत तरी चालेल. पण एलिझाबेथनं १९१० साली लिहिलेलं नवऱ्याचं चरित्र मिळालं तर त्यातली १९०५ च्या सप्टेंबरातली पत्रं चुकवू नका. शार्पच्या शेवटच्या वाढदिवशी फिओनानं त्याला पत्र लिहिलं आहे. शुभेच्छा दोन ओळींत आटोपून ती त्याला चांगलीच फैलावर घेते. वर्षभर देशोदेशी भटकलास, मध्ये आजारी होतास हे मान्य, पण ते सगळं वजा घातलं तरी उरतो तो निव्वळ आळस. आणि विल्यम शार्पनं तिला, खालमानेनं, उलट टपाली उत्तर दिलं आहे.